शिकारीच्या रानासाठीं आणखी जमीन घ्यावी काय?

जमीन खरेदी करण्याचा प्रसंग शेतकऱ्याच्या आयुष्यांत फार वेळां येत नाहीं. बैल वाईट निघाला तर पुढच्या बाजारीं विकतां येतो. बियाणें फसलें तर एका हंगामाचें नुकसान होतें. परंतु जमिनीची खरेदी चुकली म्हणजे तिचा भार दोन पिढ्यांवर पडतो. त्यांतून जी जमीन पिकासाठीं नव्हे, तर हौसेसाठीं घ्यावयाची, तिच्या बाबतींत तर दुप्पट सावधगिरी पाहिजे.

गोरेगांव, मालाड, बोरिवली या बाजूचीं कांहीं जुनीं शेतकरी कुटुंबें अद्याप वसई, पालघर, शहापूर, मुरबाड या तालुक्यांत जमीन राखून आहेत. भाताच्या खाचरांबरोबर डोंगरउताराची वरकस जमीन, गवताचें कुरण आणि त्यास लागून झाडीचा एखादा तुकडा असा हा पसारा असतो. घरांत वडिलोपार्जित बंदूक असते आणि आजोबांनीं केलेल्या शिकारीच्या गोष्टी मुलांच्या कानांवर पडलेल्या असतात. अशा वेळीं शेजारचें रान विकाऊ निघालें म्हणजे, “तेंही घेऊन टाकावें, मुलांना शिकारीस आणि हिंडण्याफिरण्यास आपलें असें रान राहील,” असा विचार घरांत निघतो. हा विचार निंद्य नाहीं. जमीन वाढवावी आणि ती मुलांच्या हातीं द्यावी ही इच्छा शेतकऱ्याच्या रक्तांतच आहे. परंतु इच्छा आणि व्यवहार या दोन गोष्टी वेगळ्या असल्यामुळें या प्रश्नाचा येथें साद्यंत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. जमिनीबरोबर सावज मिळत नाहीं

पहिली गोष्ट अशी कीं, रान विकत घेतलें तरी त्यांतील जनावर विकत मिळत नाहीं. आपल्या देशांत १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यापूर्वीं परवाना काढून शिकार करतां येत असे. नव्या कायद्यानेंही प्रारंभीं परवान्याची वाट अगदीं बंद केली नव्हती, ती अरुंद केली. पुढें १९९१ च्या दुरुस्तीनें मौजेसाठीं करावयाच्या शिकारीस वाटच उरली नाहीं. आज कायद्याच्या अनुसूचींत आलेल्या प्राण्याची शिकार कलम ९ अन्वयें गुन्हा आहे, मग ती सरकारी जंगलांत होवो वा स्वतःच्या सातबाऱ्यावरील जमिनींत होवो. रानडुक्कर, ससा हीं नेहमींचीं सावजेंही या संरक्षणाबाहेर नाहींत.

“शिकार” या शब्दाचा अर्थही कायद्यानें व्यापक केला आहे. मारणें तर आलेंच. पण फासा लावणें, सापळा मांडणें, विष घालणें, हांका करून जनावर उठविणें, जखमी करणें, पक्ष्यांचीं अंडीं वा घरटीं काढणें आणि यांपैकीं कशाचाही प्रयत्न करणें हीं सर्व त्यांत मोडतात. मारलेलें किंवा मेलेलें आढळलेलें संरक्षित जनावर कलम ३९ प्रमाणें सरकारची मालमत्ता ठरतें. गुन्ह्यांत वापरलेली बंदूक व वाहन यांवरही जप्ती येते. घरांत बंदुकीचा परवाना आहे म्हणून शिकारीचा परवाना आहे असें कोणीं समजूं नये. तो शस्त्र बाळगण्याचा परवाना होय.

परदेशांत जाऊन आलेले नातेवाईक तेथील शिकारीच्या जमिनींचें वर्णन करितात आणि त्यामुळें घरांत गैरसमज वाढतो. अमेरिकेंत अनेक कुटुंबें शिकारीसाठीं रान घेतात हें खरें. पण तेथेंही रानांतील जनावर जमीनमालकाचें नसतें. मालक आपल्या जमिनींत शिरण्याचा हक्क भाड्यानें देतो आणि शिकारी राज्याच्या परवान्यानें, ठराविक हंगामांत, ठराविक संख्येचीच शिकार करतो. जर्मनींत शिकारीचा हक्क जमिनीस जोडलेला आहे. परंतु स्वतंत्र शिकारक्षेत्र होण्यास सामान्यतः एका मालकाची सलग ७५ हेक्टर, म्हणजे सुमारें १८५ एकर जमीन लागते. त्याहून लहान मालकांच्या जमिनी एकत्र करून गांवचें सामाईक क्षेत्र करितात व त्याच्या खंडाचा वांटा मालकांस मिळतो. म्हणजे त्या देशांत आणखी रान घेतल्यानें कुटुंबाच्या हातीं कांहीं हक्क वाढतो, आणि म्हणून “आणखी घ्यावें कीं न घ्यावें” या प्रश्नास तेथें अर्थ आहे. आपल्याकडे पांच एकर रान असो वा पन्नास एकर असो, शिकारीचा हक्क दोहोंतही शून्यच. शून्यास कितीही एकरांनीं गुणिलें तरी शून्यच येणार.

२. झाडीची जमीन खरोखर कोणाची?

दुसरी गोष्ट पहिलीहून अधिक धोक्याची आहे. विकणारा ज्यास “आमचें रान” म्हणतो, तें त्याचें आहे कीं सरकारचें आहे, हेंच पुष्कळदां संशयित असतें. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायदा, १९७५ अन्वयें ३० ऑगस्ट १९७५ या दिवशीं राज्यांतील खाजगी वनें सरकारकडे निहित झालीं. या कायद्यांत वनाची व्याख्या मोठी सैल आहे. मोठे वृक्षच पाहिजेत असें नाहीं, झुडपांनीं व्यापलेली जमीनही तींत येऊं शकते. त्या दिवशीं कायदेशीरपणें लागवडीखालीं असलेल्या, कमाल मर्यादेच्या आंतील जमिनीस सूट होती. पुढें कलम २२-अ घालून, ज्या मालकाची एकंदर जमीन १२ हेक्टरांच्या आंत राहते त्यास तेवढ्यापुरतें वन परत देण्याची सोय झाली. परंतु ही सवलत त्या वेळच्या मालकाच्या स्थितीवरून ठरते. आज खरेदी करणाऱ्याच्या सोयीवरून नव्हे.

या संशयाचें मोठें उदाहरण आमच्या उपनगरांतच घडलें. भारतीय वन कायद्याच्या कलम ३५ खालील एक नोटीस विक्रोळी येथील गोदरेज कंपनीच्या जमिनीविषयीं १९५६ सालीं निघाली होती. मुलुंड वगैरे भागांतील जमिनींवरही अशाच जुन्या नोटिशींचें सावट होतें. सुमारें पन्नास वर्षें गेल्यावर त्या नोटिशींच्या आधारें महसुली दफ्तरांत “खाजगी वन” अशा नोंदी झाल्या. तोंपर्यंत कित्येक ठिकाणीं इमारती उभ्या राहून लोक राहावयास गेले होते. उच्च न्यायालयांत २००८ सालीं निकाल मालकांच्या विरुद्ध गेला. अखेर ३० जानेवारी २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, नुसती नोटीस निघाली एवढ्यावरून जमीन खाजगी वन होत नाहीं. ती मालकावर बजावली गेली पाहिजे, त्याचें म्हणणें ऐकलें गेलें पाहिजे आणि प्रकरण वाजवी काळांत पुरें झालें पाहिजे.

निकाल मालकांच्या बाजूचा झाला, म्हणून आतां भय नाहीं असें कोणी म्हणेल. आम्ही वाचकांस उलट विचारतों: मोठ्या कंपनीस जो झगडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला, तो पांच एकर रानासाठीं चालविण्याची ताकद आपल्या कुटुंबांत आहे काय? शिवाय ज्या जमिनीवरील नोटीस रीतसर बजावली गेली होती, तिला या निकालाचा आधार मिळणार नाहीं.

वन (संवर्धन) कायदा, १९८० यामुळें वनजमिनीचा अन्य उपयोग करण्यास केंद्र सरकारची पूर्वसंमति लागते. सर्वोच्च न्यायालयानें १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानें सांगितलें कीं, वन शब्दाचा अर्थ कोशांतील अर्थाप्रमाणें घ्यावा, मालकी कोणाचीही असो. या कायद्यांत २०२३ सालीं दुरुस्ती झाली; तरीही १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशानें न्यायालयानें तोच व्यापक अर्थ चालू ठेवण्यास सांगितलें. तात्पर्य, “आज रान म्हणून घेऊं, उद्यां बंगला बांधूं” हा हिशेब पायाशुद्ध नाहीं.

३. गोरेगांवच्या रानाचा इतिहास काय सांगतो?

मोठीं रानें कोणाच्या हातीं किती काळ राहतात, हें पाहावयास दूर जावयास नको. साष्टी बेटांतील गोरेगांव व आसपासचीं गांवें गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, १८३० च्या सुमारास, ईस्ट इंडिया कंपनीकडून बैरामजी जीजीभाई यांच्या घराण्याकडे गेलीं. साष्टींतील अशा इस्टेटींची सारामाफी १९५१ च्या कायद्यानें रद्द झाली. गोरेगांवच्या पूर्वेस डोंगराच्या पायथ्याशीं १९४९ सालीं सरकारनें आरे दूध वसाहत स्थापिली. तिचें क्षेत्र सुमारें १,२८७ हेक्टर होतें आणि शहरांतील गोठे हलवून म्हशींची सोय करणें हा तिचा हेतु होता. त्यास लागून १९७७ सालीं चित्रनगरी झाली. पलीकडील डोंगर आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या भोंवतालीं २०१६ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालें. आरेपैकींही सुमारें ८१२ एकर जमीन २०२१ सालीं वनखात्याकडे देण्यांत आली.

दक्षिणेकडे पाहिलें तरी तेंच. कोल्हापूरच्या छत्रपतींचें दाजीपूर येथील शिकारीचें राखीव रान १९५८ सालीं गव्यांचें अभयारण्य झालें. ज्या रानाचा उपयोग केवळ शिकार हाच होता, तें राजाच्या हातींही राहिलें नाहीं. मग सामान्य शेतकऱ्यानें त्याच उपयोगाच्या आशेवर रान वाढवावें, हें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं.

४. जमाखर्च मांडून पाहावा

आतां कायदा क्षणभर बाजूस ठेवून केवळ पैशाचा विचार करूं. पुढील आकडे गणितापुरते धरलेले आहेत. वाचकांनीं त्यांच्या जागीं आपल्या तालुक्यांतील भाव घालावे.

समजा, पांच एकर झाडीची जमीन एकरी २० लाख रुपये दरानें घेतली. किंमत १ कोटी झाली. मुद्रांक व नोंदणीचा खर्च वेगळा. हीच रक्कम शेंकडा ६ दरानें ठेवली असती तर वर्षास ६ लाख रुपये व्याज आलें असतें. रानांतून गवताचें उत्पन्न एकरी ८,००० रुपये धरलें तर ४०,००० रुपये येतील. तें उन्हाळ्यापूर्वीं जाळरेषा काढण्यांत व कुंपणाच्या डागडुजींत संपेल. रखवालदारास महिना १०,००० रुपये दिले तर वर्षास १ लाख २० हजार लागतील. म्हणजे हें रान कुटुंबास दर वर्षीं ७ लाख २० हजार रुपयांस, दरमहा ६० हजारांस पडतें. झाडें तोडून भरपाई करूं म्हणावें, तर १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणें अनुसूचित झाडांस परवानगी लागते.

“जमिनीची किंमत वाढेल” हें उत्तर येथें नेहमीं दिलें जातें. परंतु किंमत वाढते ती पीक घेण्याच्या, पाण्याच्या, रस्त्याच्या किंवा बांधकामाच्या आशेनें. ज्या जमिनीवर वनाचा डाग आहे तिला यांपैकीं कोणती आशा आहे, हें आधीं पाहावें आणि मग वाढत्या किमतीचें गणित करावें.

५. डुकरांचा उपद्रव हें कारण पुरेसें आहे काय?

कांहीं शेतकरी म्हणतील कीं, शिकार हौसेची नव्हे, शेजारच्या रानांतून डुकरें येऊन भात व वरी-नाचणी उद्ध्वस्त करितात. रानच आपलें झालें तर बंदोबस्त करतां येईल. ही तक्रार खरी आहे आणि तिची थट्टा करण्याचें कारण नाहीं. रात्रभर माळ्यावर जागून सकाळीं नासलेलें खाचर पाहणें काय असतें, हें शेतकऱ्यावांचून कोणास कळणार? तथापि रानाच्या मालकीनें हा प्रश्न सुटत नाहीं. उभ्या पिकांस धोका करणाऱ्या जनावराविषयीं कलम ११ खालीं वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याकडे अर्ज करतां येतो आणि त्याच्या लेखी आदेशानेंच इलाज करतां येतो. हा अर्ज पिकाच्या मालकास करतां येतो. त्यासाठीं रानाचा मालक असण्याची गरज नाहीं. उलट शेजारची दाट झाडी विकत घेऊन ती तशीच राखली, तर डुकरांस आश्रय आपल्याच खर्चानें मिळेल.

येथें एक इशारा दिलाच पाहिजे. डुकरासाठीं लावलेल्या तारेच्या फाशांत बिबट्या सांपडतो, आणि बिबट्या पहिल्या अनुसूचींतला प्राणी असल्यामुळें तो गुन्हा गंभीर शिक्षेचा होतो. घरच्या विजेचा प्रवाह कुंपणांत सोडणें तर माणसांच्या जिवावर बेततें. त्यापेक्षां सौरशक्तीचें, ठराविक झटका देणारें कुंपण शेताभोंवतीं घालावें, नुकसानीचा पंचनामा वेळेवर करवून भरपाई मागावी, आणि शेजारच्या चार शेतकऱ्यांनीं मिळून राखण ठेवावी. एक कोटीच्या रानापेक्षां हा इलाज पुष्कळच स्वस्त पडेल.

६. घ्यावयाचीच झाल्यास

आमचें म्हणणें असें नाहीं कीं, रानाला लागून असलेली जमीन कधींच घेऊं नये. आपल्या खाचरांच्या माथ्यावरील वरकस जमीन हातीं आली तर राबासाठीं पालापाचोळा, जनावरांस गवत, आणि माथ्यावर समतल चर काढून खालच्या विहिरीस पाणी, असे तीन लाभ होतात. ताल-बांध व शेततळें यांस जागा मिळते. वनाबाहेर लावलेल्या बांबूस भारतीय वन कायद्याच्या व्याख्येंतून २०१७ सालीं वगळल्यामुळें बांबूची लागवडही विचारांत घेण्यासारखी झाली आहे. अशा उपयोगासाठीं जमीन घेतांना पुढील गोष्टी वकिलाकडून तपासून घ्याव्या:

पहिली, सातबारा आणि १९७५ पूर्वींपासूनचे सर्व फेरफार काढावे. “इतर हक्क” या रकान्यांत वनाची नोंद आहे काय तें पाहावें आणि ती कमी झाली असल्यास कोणत्या आदेशानें झाली तें वाचावें.

दुसरी, वनखात्याच्या कार्यालयांतून त्या गट नंबराविषयीं कलम ३५ ची नोटीस, खाजगी वन व राखीव वन यांबाबत लेखी उत्तर घ्यावें. दलालाचें तोंडी आश्वासन धरूं नये.

तिसरी, जमीन आदिवासी खातेदाराची आहे काय हें पाहावें. १९७४ पासून अशी जमीन बिगर आदिवासीस विकण्यास शासनाच्या पूर्वमान्यतेनें जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तसेंच २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं कोणाचा दावा त्या क्षेत्रावर आहे काय, हें ग्रामसभेंत विचारावें. ज्याच्या आजोबांनीं तें रान राखलें, त्याचा हक्क डावलून घेतलेली जमीन कुटुंबास सुखाची होत नाहीं. आणि कायदाही ती सुखानें भोगूं देत नाहीं.

चौथी, शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा हिशेब करावा. ठाण्यासारख्या भाताच्या भागांत कोरडवाहू जमिनीची मर्यादा ३६ एकर आहे, आणि ज्या जमिनीवर गवत आपोआप उगवतें तीही जमीन या कायद्यांत धरली जाते. “हें तर नुसतें कुरण आहे” ही सबब चालत नाहीं.

७. मुलांसाठीं काय ठेवावें?

राहतां राहिली मुलांची गोष्ट, आणि खरें पाहतां प्रश्नाचें मूळ येथेंच आहे. बापास वाटतें कीं, आपण ज्या रानांत हिंडलों, माग काढावयास शिकलों, पहाटे दबा धरून बसलों, तें मुलांस मिळावें. यांत बंदुकीचा बार हा शेवटचा भाग असतो. त्यापूर्वींचें सर्व शिक्षण हें डोळ्यांचें, कानांचें आणि धीराचें असतें. तें शिक्षण अद्याप बंद झालेलें नाहीं. १८८३ सालीं मुंबईंत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हां तिच्या कित्येक सभासदांच्या हातीं बंदूक होती. त्यांनीं केलेल्या नोंदी मात्र बंदुकीहून अधिक टिकल्या. सलीम अली यांनीं लहानपणीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली, ती कोणत्या जातीची हें विचारण्यासाठीं ते या सोसायटींत गेले, आणि तेथूनच त्यांच्या पक्षिशास्त्राच्या अभ्यासाचा आरंभ झाला. त्याच सोसायटीचें निसर्ग शिक्षण केंद्र गोरेगांवास चित्रनगरीजवळ, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेस, ३३ एकर रानांत आहे. गोरेगांवच्या मुलास चितळाचा माग आणि बिबट्याचें पाऊल ओळखावयास शिकविण्यासाठीं बापास एक एकरही विकत घ्यावा लागत नाहीं.

आणि जमीनच द्यावयाची असेल, तर आहे ती सुधारून द्यावी. बांध घातलेलीं खाचरें, पाण्यानें भरलेली विहीर, स्पष्ट हद्दी, निर्वेध सातबारा आणि भावाभावांत आधींच ठरलेली वांटणी, एवढें मागें ठेवणारा बाप मुलांस पुष्कळ देऊन गेला असें आम्ही समजतों. संशयित रानाचे पांच एकर वाढवून त्याबरोबर एक दावा वारशांत देण्यांत कुटुंबाचें हित नाहीं.

निर्णय

सबब आमचा सल्ला असा आहे. शिकार हा हेतु असेल तर एक गुंठाही घेऊं नये, कारण तो हेतु कायद्यानें साध्य होणारा नाहीं. गवत, पाणी, राब वा बांबू हा हेतु असेल, तर त्या उत्पन्नावर जेवढी किंमत निघते तेवढीच द्यावी. रानाच्या शोभेची किंमत देऊं नये. वनाची नोंद असेल, किंवा वनखात्याचें लेखी उत्तर मिळत नसेल, तर विसाराची रक्कम घरांतून बाहेर काढूं नये. विकणारा घाई करूं लागला, “दुसरें गिऱ्हाईक उभें आहे” असें म्हणूं लागला, तर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकास खुशाल पुढें जाऊं द्यावें. येत्या उन्हाळ्यांत ज्यांच्या घरीं असा व्यवहार चालला आहे, त्यांनीं भावांस व कर्त्या मुलांस एकत्र बसवून वरील जमाखर्च आपल्या आकड्यांनीं मांडावा आणि मगच हो किंवा नाहीं म्हणावें.